प्रवाह कमी झाल्यावर वाढत्या स्नायूतील धमनिका अरुंद का राहतात?

प्रश्न (शरीरक्रिया_प्रथमवर्ष):
वाढीच्या वयातील प्राण्याच्या स्नायूला मिळणारे रक्त दीर्घकाळ कमी केले, तर तेथील धमनिका (अगदी बारीक धमन्या) रुंद होण्याऐवजी अरुंद राहतात, असे वाचनात आले. वाढत्या स्नायूला तर अधिक रक्त हवे असते. मग धमनिका अरुंद होऊन अडथळा आणखी का वाढवतात?

उत्तर (रक्ताभिसरण):
धमनिकेला स्नायूची गरजच तेवढी कळते, असे मानल्यामुळे हा पेच पडतो. तिच्या अस्तराला, म्हणजे एंडोथेलियमला, जाणवते ते वाहत्या रक्ताचे घासणे. यालाच शिअर स्ट्रेस म्हणतात. हा ताण प्रवाहाच्या सम प्रमाणात आणि त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून प्रवाह निम्मा झाल्यावर ताण पूर्ववत व्हायचा असेल, तर व्यास सुमारे २१ टक्क्यांनी घटावा लागतो. ताण उतरला की वाहिनीला सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साईड अस्तरात कमी तयार होते आणि वाहिनी आकुंचन पावते. हीच स्थिती टिकून राहिली, तर भिंतीतील अरेखित स्नायूपेशी लहान घेराभोवती नव्याने रचल्या जातात. आपली शंका मात्र रास्त आहे, कारण रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो आणि एवढ्या घटीनेही तो अडीच पट होतो.

उत्तर (सूक्ष्मदर्शी):
आकुंचन आणि रचनेतील बदल यांत गल्लत होऊ नये, म्हणून एक गोष्ट जोडतो. उंदराचा क्रिमॅस्टर, म्हणजे वृषणाभोवतीचा, स्नायू इतका पातळ असतो की कोमट क्षारद्रावणाखाली पसरला असता केशवाहिन्यांतून एकामागोमाग सरकणाऱ्या तांबड्या पेशी सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसतात. त्यावर अॅडेनोसिन सोडले की धमनिका सैल पडतात. तरीही व्यास कमीच भरला, तर बदल रचनेतला आहे. लँगिल आणि ओडोनेल यांनी १९८६ मध्ये प्रौढ सशांच्या मानेतील धमनीबाबत हेच दाखवले: प्रवाह ७० टक्क्यांनी घटवल्यावर दोन आठवड्यांत व्यास २१ टक्क्यांनी घटला, पूर्ण शिथिल केल्यावरही ती घट टिकली आणि एंडोथेलियम काढून टाकले असता ती झालीच नाही. वाढत्या प्राण्यात तुलना त्याच्या कालच्या व्यासाशी नव्हे, तर समवयस्काच्या वाहिनीशी करावी लागते. तेथे वाहिनी ‘अरुंद झाली’ म्हणण्यापेक्षा ‘वाढायची राहिली’ म्हणणे मला अधिक अचूक वाटते.

प्रश्न (शरीरक्रिया_प्रथमवर्ष):
मनःपूर्वक आभार. पण प्रवाह घटला म्हणून वाहिनी अरुंद झाली आणि ती अरुंद झाली म्हणून प्रवाह आणखी घटला, हे चक्र थांबते कोठे?

उत्तर (रक्ताभिसरण):
स्नायू ते थांबवतो. ऑक्सिजन अपुरा पडला की त्यातून बाहेर पडणारी अॅडेनोसिनसारखी द्रव्ये धमनिका रुंदावतात, तर व्हीईजीएफ हे प्रथिन केशवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. शिवाय मुख्य वाट अडली की शेजारच्या जोडवाहिन्यांतून अधिक रक्त वाहू लागते. तेथे ताण वाढतो आणि ज्या नियमाने पहिली वाहिनी अरुंद राहिली, त्याच नियमाने या जोडवाहिन्या रुंद होत जातात.