तातडीने मदत हवी आहे: आठवीचं अल्जेब्रा, ४१ मुलं मागे, बोर्डाची बैठक तोंडावर

खडूफळा
अमेरिकेत सहावी ते आठवीच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळा कॉलेज-प्रेप आहे, प्रत्येक मूल चार वर्षांच्या कॉलेजपर्यंत जाईल असं पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं असतं. म्हणून आठवीच्या सगळ्या मुलांना अल्जेब्रा वन, म्हणजे हायस्कूलच्या पातळीचं पहिलं बीजगणित. जानेवारीच्या चाचणीत ९६ पैकी ४१ मुलं पासच्या रेषेखाली आली. शिक्षक म्हणतात, ही मुलं आत्ताच साध्या आठवीच्या गणितात हलवा. शाळेचं बोर्ड, म्हणजे संचालक मंडळ, म्हणतं, एकही हलवायचं नाही. फेब्रुवारीच्या बैठकीत आराखडा ठेवायचा आहे. वेळापत्रक कसं फिरवू? शनिवारचे जादा वर्ग चालू आहेत, पण ज्यांनी यायला हवं तीच मुलं येत नाहीत. कृपया क्लासेसची नावं सुचवू नका.

समांतर_रेषा
ताई, राज्य कोणतं? टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, सगळीकडे नियम वेगळे. तासिका किती मिनिटांची? आठवीच्या गणिताला शिक्षक किती? चाचणी शाळेची की राज्याच्या धर्तीची? आणि ही मुलं सहावीत आली तेव्हा गणितात कुठे होती? एवढं कळल्याशिवाय सांगितलेलं काहीही हवेतलं होईल.

नाशिकचा_मास्तर
आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा सोडू नका. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. शालेय क्षमतेत गणिताचे प्रश्न थेट पाठ्यपुस्तकातले असतात, तेव्हा सातवीचं पुस्तक दिवाळीआधी पुन्हा एकदा संपवा. विनाअनुदानित शाळेची मुलं पात्र नसतात, ते आधी तपासा.

समांतर_रेषा
सर, त्या अमेरिकेत आहेत. माहिती चांगली आहे, वेगळा धागा काढा, इकडच्या शिक्षकांना लागेल.

वहीचा_समास
तुमच्या शाळेत एव्हिड हा कॉलेजच्या तयारीचा कार्यक्रम आहे का? नसेल तर तेच आणा. १९८० मध्ये सॅन डिएगोच्या एका हायस्कूलमध्ये सुरू झालं, आज देशभर आहे. रोज एक तासिका, आठवड्यातून दोन दिवस गटचर्चा. साधारण ७ मुलांमागे एक ट्यूटर. मूल येतानाच आपला अडलेला प्रश्न लिहून आणतं: कुठपर्यंत कळलं, कुठे अडलं. ट्यूटर उत्तर सांगत नाही, गटातली मुलं उलट प्रश्न विचारून त्याला पुढे नेतात. कॉर्नेल पद्धतीच्या नोट्स (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला मुद्दे, खाली सारांश) सगळ्या विषयांत. कॉलेजची खरी तयारी हीच.

अपूर्णांक
एव्हिड चांगलं आहे, पण हा त्याचा रोग नाही. ते बनलं मधल्या फळीतल्या मुलांसाठी, ज्यांना अभ्यासाची शिस्त लागली की वर येता येतं. ज्याला ऋण तीनमधून ऋण पाच वजा करता येत नाही, तो अडलेला प्रश्न लिहिणार कसा? त्याला आपलं कुठे अडलंय हेच सांगता येत नाही. शिवाय फेब्रुवारीत नवा कार्यक्रम आणून मेपर्यंत काही हाती लागत नाही. ट्यूटर नेमणं, प्रशिक्षण, सगळं उन्हाळ्यातलं काम.

वहीचा_समास
शिस्त नाही म्हणूनच पाया कच्चा राहतो. दोन्ही वेगळे कसे काढता तुम्ही?

खडूफळा
टेक्सास, ह्यूस्टनच्या बाजूला, चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा). तासिका ५० मिनिटांच्या, दिवसाला ८. गणिताचे दोन शिक्षक, आठवीच्या चार तुकड्या. चाचणी राज्याच्या स्टार परीक्षेच्या धर्तीवर. पाचवीतल्या वरच्या ४० टक्क्यांचा कायदा मला माहीत आहे, आम्ही आधीपासूनच सगळ्यांना घेतो, त्यामुळे तो इथे लागू होत नाही. मला वेळापत्रक हवंय.

समांतर_रेषा
लागू होतो, आणि तुमच्या बाजूने होतो. २०२३ चा राज्याचा कायदा, एसबी २१२४, म्हणतो की पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या मुलाला सहावीत आपोआप प्रगत गणितात घाला, म्हणजे आठवीत अल्जेब्रा वन घेता येईल. पालक नको म्हणू शकतात. चार्टरलाही तो लागू आहे. बाकीच्या ६० टक्क्यांना घालाच असं कायदा म्हणत नाही, तो तुमच्या शाळेचा निर्णय आहे आणि बोर्ड तो बदलू शकतं. बैठकीत हे स्पष्ट वेगळं करून मांडा. शिक्षकांची मागणी बेकायदा आहे असं कुणाला वाटू देऊ नका.

आता खरा प्रश्न. सहावी-सातवीत तुम्ही तीन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत बसवला होता का? की सहावीत सहावीचं, सातवीत सातवीचं, आणि मग थेट अल्जेब्रा?

खडूफळा
सहावीत सहावीचं, सातवीत सातवीचं. वेगळं कशाला करायचं?

समांतर_रेषा
मग कारण सापडलं. या ९६ मुलांना आठवीचं गणित कुणीच शिकवलेलं नाही. टेक्सासच्या आठवीच्या अभ्यासक्रमात काय आहे पाहा: चढ (रेषेचा स्लोप), वाय = एमएक्स + बी, समप्रमाणातले आणि समप्रमाणात नसलेले रेषीय संबंध, फलाची (फंक्शनची) ओळख, दोन्ही बाजूंना चल असलेली समीकरणं, पायथागोरस. अल्जेब्रा वनच्या पहिल्या आठवड्यापासून शिक्षक हे येतं असं धरून चालतो. ५५ मुलांनी ते जाता जाता उचललं, ४१ जणांना जमलं नाही. शनिवारच्या वर्गात अल्जेब्राचीच उजळणी होत असेल, तर ज्याला मुळात चढ म्हणजे काय हे कळलं नाही तो दुसऱ्यांदाही तेच न कळता ऐकतोय. न येण्याचं तेही एक कारण असू शकतं.

बे_एरियातली_आई
म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीतून अल्जेब्रा काढलं होतं. सगळ्यांना एकत्र, नववीत. मुलांची वर्गवारी करणं हाच अन्याय आहे.

अपूर्णांक
आणि २०२४ मध्ये मतदारांनी ठराव करून ते परत मागितलं, आणि ते परत आणायचं ठरलं. काढलं तेव्हा ज्यांना परवडत होतं त्यांनी बाहेर पैसे भरून अल्जेब्रा केलं, ज्यांना परवडत नव्हतं ती मुलं मागे राहिली. उलट टोकही तितकंच वाईट. नॉर्थ कॅरोलिनात शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्याने २००२ च्या सुमारास कच्च्या मुलांनाही आठवीत अल्जेब्रात ढकललं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या मुलांची परीक्षेत आणि पुढच्या भूमितीतही पीछेहाट झाली. तेव्हा "सगळे" किंवा "कोणीच नाही" असं न धरता प्रत्येक मुलाचं काय अडलंय ते पाहा.

ताई, हे करा. ४१ जणांची २४ प्रश्नांची चाचणी घ्या, एका तासिकेत होते, कॅल्क्युलेटरशिवाय. ६ प्रश्न ऋण-धन पूर्णांकांवर, ६ अपूर्णांक आणि गुणोत्तर, ६ दोन पायऱ्यांची समीकरणं, ६ चढ आणि आलेख. नापास-पास बघू नका, कोणत्या सहात मूल पडलं ते बघा. शेवटच्याच सहात पडलं तर ते अल्जेब्रात राहू शकतं. पहिल्या बारात सातपेक्षा कमी असतील तर त्याला आधी पाया लागेल. चाचणीआधी प्रत्येकाची हजेरी समोर ठेवा, कारण १० टक्क्यांहून जास्त गैरहजर मुलाचा निकाल गणिताबद्दल फारसं सांगत नाही.

वहीचा_समास
हजेरीवर एक भर. संशोधक बाल्फान्झ आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात पाहिलं की सहावीतच हजेरी ८० टक्क्यांखाली, किंवा गणितात नापास, किंवा इंग्रजीत नापास, यांतलं एकही लक्षण असेल तर बहुतेक मुलं वेळेत हायस्कूल पूर्ण करत नाहीत. भिंतीवर कॉलेजचे झेंडे लावण्याआधी सहावीच्या हजेरीची यादी दर गुरुवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हवी. टेक्सासमध्ये अनुदानही रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतं, तेव्हा बोर्डाला ही भाषा लगेच कळेल.

कॉफीवाला_बाबा
मधेच विचारतो. यूटी ऑस्टिनला (टेक्सासचं सरकारी विद्यापीठ) आपल्या हायस्कूलच्या वरच्या १० टक्क्यांत आलं की प्रवेश नक्की ना? मुलगी नववीत आहे.

समांतर_रेषा
यूटी ऑस्टिनची टक्केवारी त्याहून कडक आहे. बरीच वर्षं ६ होती, २०२६ च्या प्रवेशांपासून ५. बाकीच्या सरकारी विद्यापीठांना १०. त्यासाठी हायस्कूल पूर्ण करताना डिस्टिंग्विश्ड ही वरची पातळी लागते, म्हणजे गणिताचे चार क्रेडिट, त्यात अल्जेब्रा टू हवंच. या धाग्याशी त्याचा संबंध एवढाच की आठवीत अल्जेब्रा झालं नाही म्हणून ती वाट बंद होत नाही. नववीत अल्जेब्रा वन, दहावीत भूमिती आणि अल्जेब्रा टू एकाच वर्षी, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीचं) कॅल्क्युलस. बोर्डाला हा तक्ता कागदावर द्या. त्यांची भीती "हलवलं की कॉलेज गेलं" ही आहे, ती या चार ओळींनी जाते.

खडूफळा
चाचणी घेतली. ९ मुलं १० टक्क्यांहून जास्त गैरहजर आहेत, ती बाजूला ठेवली. उरलेल्यांत १७ जण फक्त चढ आणि आलेखात पडले, १५ जण पूर्णांक-अपूर्णांकांतच. आता तासिका कुठून काढू? कला काढू का? विज्ञान?

अपूर्णांक
विज्ञान आणि समाजशास्त्र अजिबात नाही, आठवीत दोन्हींची राज्य परीक्षा असते. कलेचा सहावी ते आठवीत किमान एक अभ्यासक्रम सक्तीचा. शारीरिक शिक्षण तीन वर्षांत मिळून चार सत्रं. ज्यांची चार सत्रं सातवीपर्यंत झाली आहेत, त्यांची ती तासिका मोकळी होते. नोंदी नीट तपासा, शाळा बदलून आलेल्या मुलांची सत्रं बहुधा अपुरी असतात.

गणित असं बसतं. १५ जण आठवीच्या गणितात गेले की अल्जेब्रात ८१ उरतात. चारच्या तीन तुकड्या करा, प्रत्येकी २७. सुटलेली चौथी तुकडी त्या १५ जणांची. म्हणजे नवा शिक्षक लागत नाही. नवी तासिका लागते फक्त १७ जणांच्या दुसऱ्या गणिताची. आठवड्यातून चार दिवस, त्यात राज्याचा आठवीचा अभ्यासक्रम, अल्जेब्राचा गृहपाठ नव्हे. दोन्ही तासिका एकाच शिक्षकाकडे द्या, नाहीतर सोमवारी एक जण चढ उंची भागिले पाया म्हणून शिकवतो आणि मंगळवारी दुसरा सूत्राने, मुलांना त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. शिकागोने २००३ पासून नववीच्या कच्च्या मुलांना अल्जेब्राच्या दुहेरी तासिका दिल्या. पुढे त्या मुलांचं कॉलेजात जाण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं, आणि जास्त फायदा वाचनात कच्च्या मुलांना झाला. अभ्यासकांच्या मते बहुधा याचं कारण हे की त्या तासिकेत गणित शब्दांत समजावून सांगण्यावर भर होता. तुमच्या १७ जणांकडूनही उत्तर तोंडी आणि लेखी समजावून घ्या.

समांतर_रेषा
तीन गोष्टी राहिल्या. पहिली, जी १५ मुलं हलतील त्यांची स्टार परीक्षा बदलते, अल्जेब्रा वनऐवजी आठवीचं गणित. परीक्षा समन्वयकाला आजच सांगा, याद्या पक्क्या झाल्यावर धावपळ होते. दुसरी, विशेष शिक्षणातल्या मुलाच्या सेवेत बदल होणार असेल तर एआरडी समितीची (अशा मुलाच्या सेवा ठरवणारी समिती) बैठक आधी, वेळापत्रक नंतर. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची भाषेची तासिका गणितासाठी काढता येत नाही. तिसरी, सातवीच्या स्टारमध्ये गणितात नापास झालेल्यांना एचबी १४१६ या राज्याच्या कायद्याप्रमाणे १५ तास, अगदी खालच्यांना ३० तास जादा शिकवणं तुम्हाला द्यावंच लागतं, ४ मुलांमागे १ या प्रमाणात. १७ जणांची तासिका त्यात मोजू नका. ते तास शनिवारऐवजी शाळेच्या वेळेतल्या ॲडव्हायझरीत (मार्गदर्शनाच्या तासिकेत) घ्या, म्हणजे येण्याचा प्रश्नच उरत नाही.

बे_एरियातली_आई
त्या १५ मुलांना "तुम्हाला जमत नाही" असा संदेश जातोय, हे कुणी बोलतच नाही.

अपूर्णांक
जातो, जर शिपायाच्या हातून चिठ्ठी पाठवून वर्ग बदलला तर. ताईंनी स्वतः प्रत्येक पालकाला बोलवावं, मुलासकट, १५ मिनिटं. पत्र इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. त्यात चार गोष्टी: मुलाला काय येतं, काय अडलंय, बारावीपर्यंतचा तक्ता, आणि उन्हाळ्यातल्या अल्जेब्रापूर्व वर्गाची तारीख. अल्जेब्रा वन हायस्कूलचं क्रेडिट आहे, तो शेरा हायस्कूलच्या गुणपत्रकावर जातो हेही सांगा. तो जीपीएमध्ये (गुणांच्या सरासरीत) धरायचा की नाही हे पुढच्या हायस्कूलच्या धोरणावर आहे, ते तुम्ही फोन करून विचारा, पालकांवर सोडू नका. त्या तुकडीला तुमचा सर्वांत अनुभवी शिक्षक द्या. नवा शिक्षक दिलात तर संदेश काय गेला ते मुलांना पहिल्याच दिवशी कळेल.

वहीचा_समास
आणि ती ९ मुलं? कोणताही वर्ग द्या, ९० टक्के हजेरी नसेल तर टेक्सासमध्ये क्रेडिट अडकतं, मग हजेरी समितीसमोर जावं लागतं. तिथे गणिताचा शिक्षक नव्हे, समुपदेशक आणि घरचा फोन लागतो. सकाळी ९:३० च्या आत, त्याच दिवशी. बस, दमा, धाकट्या भावंडाला सांभाळणं, प्रत्येक कारणावर उपाय वेगळा.

खडूफळा
तुकड्यांचं पटतंय. अनुभवी शिक्षक १५ जणांना द्यायचा तर १७ जणांच्या दोन्ही तासिका नव्याकडे जातात, ते जमेल का पाहते. आत्ताच्या सातवीचं काय? ती मुलं ऑगस्टमध्ये याच खड्ड्यात पडणार.

समांतर_रेषा
नव्याला दर आठवड्याला दोन तासिकांचं नियोजन अनुभवी शिक्षकासोबत बसून करू द्या, त्यासाठी दोघांची रिकामी तासिका एकाच वेळी ठेवा.

सातवीसाठी: एप्रिलअखेर स्टारचं गणित झालं की शाळेचे साधारण चार आठवडे उरतात, बहुतेक ठिकाणी ते सिनेमा आणि सहलीत जातात. तिथे चढ आणि वाय = एमएक्स + बी घ्या, बाकी काही नको. दोन्ही बाजूंना चल असलेली समीकरणं ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांत. पुढच्या सहावीपासून मात्र दोन वर्षांत तीन वर्षांचा आराखडाच लागेल, आणि त्याला सहावीत रोज दीड तासिका. तो आराखडा शिक्षकांकडून मे महिन्यात लिहून घ्या. जूनमध्ये कुणी सापडत नाही.