रॉमकॉमला मराठीत काय म्हणता? (‘खुसखुशीत’ सोडून सांगा)

चांदणचुरा:
मागच्या आठवड्यात ताप होता, तीन दिवस नुसती पडून, आणि चौथ्यांदा की पाचव्यांदा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ लावला, २०१० चा पहिला. आई डोकावून म्हणाली, अगं परत तेच? शेवट माहितीये ना तुला? म्हटलं माहितीये म्हणूनच तर लावलाय. आणि मग तेच डोक्यात घोळत राहिलं की ह्या प्रकाराला, म्हणजे रोमँटिक कॉमेडीला, आपल्याकडे शब्द काय आहे. पेपरातल्या परीक्षणात कायम ‘खुसखुशीत’ नाहीतर ‘हलकाफुलका’, वाचून वाचून कंटाळा आलाय. मला विनोद आणि प्रेम दोन्ही येईल असा शब्द नकोय, ते ‘प्रेमविनोदी’ वगैरे शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. बघताना जे बरं वाटतं, आतून, त्याचा शब्द हवाय. ‘दिलासा’ बघितला पण तो आता कर्जदारांना आणि वीजग्राहकांनाच मिळतो.

ताकपिठ्या:
सुखांतिका आहे की. शोकांतिकेच्या जोडीचा, तयार शब्द.

चांदणचुरा:
आहे, पण बोलतं कोण? शोकांतिका बघा कशी रुळली, खड्ड्यांची शोकांतिका, एसटी स्टँडची शोकांतिका, ‘हीच तर शोकांतिका आहे’ असं चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. ‘हीच तर सुखांतिका आहे’ म्हणणारा एक माणूस दाखवा. आणि दुसरं म्हणजे सुखांतिकेत सगळा भर अंतावर. इथे अंत पोस्टरवरच कळलेला असतो हो, मजा पोचायच्या वाटेची असते.

गल्लीतला_समीक्षक:
हे वाटेचं बरोबर आहे. फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १९३४ चा, घरातून पळालेली श्रीमंत मुलगी, बसमध्ये भेटलेला पत्रकार, भांडणं. तेच आपल्याकडे १९५६ ला ‘चोरी चोरी’, राज कपूर-नर्गिस, आणि तेच परत १९९१ ला ‘दिल है के मानता नहीं’, आमिर आणि पूजा भट्ट. तिन्ही वेळा लोकांना कळत होतं ती कोणाबरोबर जाणार, तरी तिन्ही वेळा बघितलं. माझ्या मावशीने तर तिन्ही बघितलेत आणि तिला नर्गिसच आवडते, ते असो.

डब्यातली_चकली:
खुसखुशीतला का नाही म्हणता? तो शब्द चांगला आहे, वापरणारे चुकीचा वापरतात. चकली कुरकुरीत, शंकरपाळी खुसखुशीत. पिठात कडकडीत मोहन पडलं की जे तोंडात टाकल्या टाकल्या विरतं ना ते. म्हणजे संवाद खुसखुशीत असू शकतात, अख्खा पिक्चर नाही. तापात कोणी शंकरपाळी खातं का? तापात मऊभात, तूप, मेतकूट.

चांदणचुरा:
अगं बाई! मेतकूट! ‘त्यांचं मेतकूट जमलं’ आपण म्हणतोच की. मऊभातावरही तेच आणि दोघांचं जमतं तेही तेच. मला तर उत्तर मिळालं.

ताकपिठ्या:
थांबा जरा, मेतकूट जमण्यात थोडा संशय असतो. दोन पक्षांचं मेतकूट, बिल्डर आणि नगरसेवकाचं मेतकूट. प्रेमाचं म्हणाल तर सूत जुळतं.

डब्यातली_चकली:
संशय असला तर बिघडलं कुठे, शेजारच्या काकू ज्या डोळ्यांनी बघतात त्याच डोळ्यांनी आपण पिक्चर बघतो, ह्या दोघांचं जमतंय वाटतं म्हणून. सूत जुळलं की संपलं, बघण्यासारखं राहत नाही. आणि मेतकुटात डाळी, तांदूळ, हिंग, हळद सगळं भाजून दळलेलं असतं, मेथीपण असते, कडू. ती विसरली की नुसतं पीठ लागतं. त्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त दोघं अर्धा पिक्चर तुमचं पुणं आमची मुंबई करत भांडतात ती मेथी. जिथे ती नाही ते गुळचट.

गल्लीतला_समीक्षक:
गुळचट आणि गुळमुळीत वेगळे हं. गुळचट चवीला, गुळमुळीत बोलण्यात. दिवाळीत रिलीज होणारे बरेचसे दोन्ही असतात.

नवखा_वाचक:
एक शंका. रॉमकॉम बघितला की बघितली? आमच्या ऑफिसात भांडण आहे.

चांदणचुरा:
मी ‘बघितली’ म्हणते. कॉमेडी ती, फिल्म ती, म्हणून असेल. पण पिक्चर तो, त्यामुळे ‘रॉमकॉम पिक्चर बघितला’. अनेकवचन विचारू नका, ‘रॉमकॉमा’ म्हणायची माझी हिंमत नाही.

ताकपिठ्या:
मग ठरलं काय शेवटी? मेतकूट का मऊभात?

चांदणचुरा:
लिहायचं असेल तेव्हा रॉमकॉमच लिहीन. घरात मात्र काल रात्री भाऊ दमून आला, रिमोट माझ्याकडे फेकला आणि म्हणाला, काहीतरी मऊभात लाव. ह्या धाग्याबद्दल मी त्याला काही बोलले नव्हते, आईने सांगितलं असणार.