आईच्या फोनमधले चारशे नंबर गेले कुठे? तुमचेही अनुभव लिहा

विश्रामबागकर, सांगली

आईचा फोन घटस्थापनेच्या दिवशी बंद पडला. चार्जिंगला लावला, उठला नाही. दुसऱ्या दिवशी नवा घेतला, तिचा जीमेल टाकला आणि नंबर यायची वाट बघत बसलो. आले अकरा. त्यातले तीन माझेच, वेगवेगळ्या सालचे. बाकी चारशेच्या आसपास नंबर, म्हणजे भिशीच्या बायका, भजनी मंडळ, माधवनगरची मावशी, गॅसवाला, पिठाची गिरणी, यातलं कुणीच नाही. आई म्हणाली, "तूच म्हणाला होतास, गूगलमध्ये सगळं असतं." म्हणालो होतो खरा.

दुरुस्तीवाल्याने बाराशे रुपये घेऊन जुना फोन कसाबसा तासभर जागा केला. बघितलं तर अकरा नंबर गूगल खात्यात आणि बाकी सगळे 'डिव्हाइस'मध्ये, म्हणजे नुसत्या फोनमध्ये. नवा नंबर सेव्ह करताना तो कुठे ठेवायचा हे वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पहिल्यांदा जे निवडलं तेच पुढे चालत राहतं. आईचं बोट पाच वर्षांपूर्वी 'डिव्हाइस'वर पडलं होतं, संपला विषय. गंमत म्हणजे सिंक (फोनमधलं आणि खात्यातलं जुळतं ठेवणं) चालूच होतं आणि शेवटचं सिंक आदल्या दिवशीचं दाखवत होतं. ते खोटं नव्हतं. अकरा नंबर रोज इमानेइतबारे सिंक होत होते.

त्या तासाभरात सगळे नंबर एका व्हीसीएफ फाइलमध्ये एक्सपोर्ट केले, फाइल स्वतःलाच मेल केली, आणि नव्या फोनमध्ये इम्पोर्ट करताना खातं विचारल्यावर गूगल निवडलं. नवीन नंबरांसाठीही तेच खातं कायमचं ठरवून टाकलं. फोन उठलाच नसता तर काय केलं असतं, माहीत नाही.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. नंबर कुठे होते, कशाने गेले, परत आले का. 'वहीत लिहून ठेवा' एवढंच सांगायचं असेल तर तेही चालेल, पण ते मला सध्या घरात रोज ऐकायला मिळतंय.

चिटबॉय

मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या देणारा. हंगामात फोन म्हणजे निम्मी नोकरी. शेतकरी, ट्रॅक्टरवाले, मुकादम, सगळे त्यात. आमच्यात एका नावाची पंधरा माणसं, म्हणून नावापुढं शेत लावायचं. 'पाटील वड्याकडचं' (वडा म्हणजे ओढा), 'पाटील वड्यापलीकडं', 'पाटील ८६०३२' (उसाची जात हो, नंबर नव्हे).

मी सगळे सिमवर ठेवायचो. सिम काढलं, दुसऱ्या फोनात घातलं, काम झालं, असा हिशोब. पण सिमवर नावाला जागा कमी. मराठीत लिहिलं की मधेच कापायचं. 'पाटील वड्या', 'पाटील वड्या', 'पाटील वड्या', असे तीन झाले. फोन लावायचा आणि आवाजावरनं ओळखायचं कुठला वडा. त्यात सिमवर नावं मावायची अडीचशे. भरल्यावर नवीन नंबर आपोआप फोनात जायला लागले, ते मला कळलंच नाही.

मग सिम खराब झालं. कंपनीच्या गॅलरीतनं नवीन आणलं. नंबर तोच, आत कोरं. मला वाटलं होतं नंबरासंगं नावंबी येत असतील. कंपनीकडं आपल्या सिमवरची नावं नसतातच, हे त्या काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं तेव्हा तोडणी ऐन भरात होती. अडीचशे गेले ते गेले. तोडणीची नोंदवही समोर घेऊन आठ दिवस एकेक नंबर गोळा केला.

आता सगळं गूगलमध्ये. नाव पाहिजे तेवढं लांब लिहितो. 'पाटील वड्यापलीकडं आंब्याच्या झाडाखालचं' अख्खं मावतंय.

विश्रामबागकर

@चिटबॉय, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्हता का?

चिटबॉय

होता की. गप्पा सगळ्या आल्या. पण वर नावाच्या जागी नुसते नंबर. त्या बॅकअपात गप्पा आणि फोटो असतात, नावं तिथं फोनातल्या यादीतनं येतात. यादीच नसंल तर 'उद्या गाडी लावा' असा मेसेज दिसतोय आणि कुणी म्हटलंय पत्ता नाही. ग्रुपमध्ये तेवढं माणसानं स्वतः ठेवलेलं नाव दिसायचं. आमच्या एका मुकादमानं स्वतःचं नाव 'वाघ' ठेवलंय. त्यानं काय कळणार?

बाई, सातारा

माझी चूक माझीच आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एकदा काही पालकांचे नंबर दोन-दोनदा दिसायला लागले आणि नवीन सेव्ह केलेले लॅपटॉपवर दिसेनात. एका व्हिडिओत उपाय सांगितला होता: सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जायचं, सिस्टीम अ‍ॅप्स दाखवायला सांगायचं, 'कॉन्टॅक्ट्स स्टोरेज' शोधायचं आणि 'क्लिअर डेटा' करायचं. मग गूगलवरून सगळं स्वच्छ परत उतरतं.

उपाय खोटा नाही. पण व्हिडिओतल्या मुलाने आधी सांगायची गोष्ट सांगितली नाही. त्या डब्यात नुसत्या गूगलच्या प्रती नसतात, जे नंबर फक्त फोनमध्ये आहेत त्यांची मूळ आणि एकुलती एक प्रतही तिथेच असते. आणि माझं सिंक दोन वर्षांपूर्वी, डेटा वाचवायच्या नादात, मीच बंद केलेलं होतं. म्हणजे नंबर गूगल खात्याच्या नावावर सेव्ह होत होते, पण वर एकही पोचलेला नव्हता.

बटण दाबलं. यादी कोरी झाली. सिंक चालू केल्यावर दोन मिनिटांत नावं भराभर यायला लागली आणि मी निश्चिंत झाले. संध्याकाळी एका मुलाला ताप आला म्हणून आईला फोन लावायला गेले, तर नंबर नाही. त्या वर्गातल्या कुणाचाच नाही. दोन वर्षांपूर्वीची यादी जशीच्या तशी आली होती, माझे आधीचे विद्यार्थी त्यात होते. ती मुलं तर हायस्कूलला गेली.

कचरापेटीतही पाहिलं. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये काढून टाकलेले नंबर ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, पण जे तिथे कधी गेलेच नाहीत ते ट्रॅशमध्ये कुठून असणार? शेवटी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून एकेक नंबर उघडून पुन्हा सेव्ह केला. अडतीस पालक. नवऱ्याने मदत केली, म्हणजे शेजारी बसून चहा प्यायला.

आता असं काही करण्याआधी संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्सची साइट उघडते आणि हवं ते नाव तिथे दिसतं का बघते. फोनमध्ये दिसलं म्हणजे वर आहे असं नाही.

जुनी डायरी

माजी सैनिक, सातारा तालुका. दर दिवाळीला नवी डायरी, जुनीतले नंबर स्वतःच्या हाताने उतरवायचे. जो उतरवावासा वाटत नाही तो गळतो. बॅटरी लागत नाही. जय हिंद.

विटेकर

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा. विट्याच्या आसपासच्या निम्म्या घरांत असतं तसंच आमच्याही घरातलं कुणी ना कुणी बाहेर. मोठा भाऊ तमिळनाडूत, मी गावी, वडील दोन्हीकडे. तिघांच्या फोनमध्ये एकच जीमेल, म्हणजे व्यापाऱ्यांचे नंबर सगळ्यांना मिळावेत. कल्पना माझीच होती.

भावाने एका रविवारी फोन साफ करायला घेतला. 'हे कोण, हे कोण' म्हणत शंभर-सव्वाशे नावं उडवली. त्यात माझं सासर, पोरांची शाळा, डॉक्टर, सगळं. तिकडे त्याने उडवलं की इकडे पंधरा मिनिटांत माझ्या फोनमधून गायब. मी म्हटलं फोनला व्हायरस लागला. सिंक आपलं काम चोख करत होतं. त्याला आणलेलं नेता येतं तसं पुसलेलंही नेता येतं.

नशीब की आठवड्याच्या आत कळलं. साइटवर सेटिंग्जच्या चक्रात 'अनडू चेंजेस' आहे. दहा मिनिटांपूर्वी, तासापूर्वी, कालची, आठवड्यापूर्वीची, किंवा ३० दिवसांच्या आतली हवी ती वेळ निवडायची. यादी तेव्हा होती तशी होते. पण त्या आठवड्यात नव्याने घातलेली नावं जातात, म्हणून आधी आजची यादी एक्सपोर्ट करून ठेवा. मी ठेवली नाही. एक हैदराबादचा व्यापारी गेला, त्याचाच नंतर फोन आला, पैसे मागायला.

आता तिघांचे जीमेल वेगळे. भाऊ दोन दिवस बोलत नव्हता.

पाटण खोरं

आमच्याकडे रेंज येते ती डोंगराच्या सोयीने. एवढंच सांगतो, बॅटरी सेव्हर चोवीस तास चालू ठेवणाऱ्यांनी सिंकची आशा धरू नये, मागच्या दाराने चालणारी कामं तो थांबवतो. मी आठवड्याला कराडला बाजाराला गेलो की स्टँडवर बॅटरी सेव्हर बंद करतो आणि खात्यात जाऊन 'सिंक नाऊ' दाबतो.

मिरजकर तंतुवाद्य

दुकानात सतार-तंबोऱ्याची गिऱ्हाइकं देशभरातून, काही परदेशातून. नंबर वडिलांच्या बटणांच्या फोनमध्ये. ब्लूटूथने व्हीसीएफ फाइल घेतली आणि उघडली, तर नावाच्या जागी '=' अशी बरोबरची चिन्हं आणि मधेमधे ई-शून्य, ए-चार, परत ई-शून्य, ए-चार. मला वाटलं फाइल सडली. पुतण्या म्हणाला, काका, हे मराठीच आहे. जुने फोन देवनागरी अक्षर असं तीन-तीन तुकड्यांत सांकेतिक करून लिहितात. फाइल हाताने सुधारत बसू नका, जशीच्या तशी जीमेलच्या कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट करा. केली. नावं नीट उमटली.

तिथेच थांबायला हवं होतं. मला यादी नीटनेटकी करायची हौस आली. सीएसव्ही, म्हणजे रकान्यांची साधी फाइल काढली, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली. नंबरांच्या जागी ९.१९ई+११. सगळ्यांच्या जागी तेच. मी म्हटलं दिसायला तसं असेल, आत बरोबर असेल. सेव्ह केलं, पुन्हा इम्पोर्ट केलं, आणि जुनी यादी 'दुबार नको' म्हणून उडवली. एक्सेलने एक्क्याण्णवपासून सुरू होणारा बारा आकडी नंबर म्हणजे मोठी रक्कम समजून आखूड करून लिहिला होता, आणि सीएसव्हीत जे दिसतं तेच जतन होतं. शेवटचे आकडे कायमचे गेले. वर विटेकरांनी सांगितलेलं 'अनडू' मला तेव्हा माहीत असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. महिन्यानंतर कळून काय उपयोग.

एक्सेल वापरायचंच असेल तर फाइल थेट उघडू नका. 'डेटा'मधून आत घ्या आणि नंबरांचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

कराडची सून

सासऱ्यांचा फोन. दुकानातल्या मुलाने फोन घेताना जीमेल काढून दिला होता. पासवर्ड? "त्या पोराला माहीत." ते पोरगं पुण्याला नोकरीला गेलं. दर फोनला नवा जीमेल, असे चार निघाले. पासवर्ड परत मिळवायला गेलो तर कोड जातो जुन्या नंबरवर, आणि तो नंबर बंद केलेला. एक खातं मात्र उघडलं, कारण पासवर्ड फोनच्या खोक्यावर पेनने लिहिलेला होता. घरातलं कुठलंही खोकं मी आता टाकत नाही. बाकीची खाती उघडलीच नाहीत. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा ती असतील का नाही कोण जाणे.

१५ जीबीवाला

माझं उलटं. नंबर शाबूत, बाकी सगळं अडलं. जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबी फुकट, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही २०२४ पासून त्यातच मोजतात. 'शुभ सकाळ'च्या व्हिडिओंनी माझं खातं तुंबलं आणि मेल यायचेच बंद झाले. बॅकअपमध्ये व्हिडिओ घ्यायची खूण काढली, जागा झाली. मेहुण्याकडे आयफोन आहे, त्याला तर ५ जीबीच फुकट, तरी ऐट बघा.

गावभागातली

ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर. सांगलीकरांना सांगायला नको. आमच्याकडे आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट यावर घर चालतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, मग सामान वर चढवायचं. त्या वर्षी ५७ च्या वर गेलं. चढवलेलं सामानही बुडालं.

फोन माझ्या हातात होता, बोटीत चढताना पडला. नातेवाइकांकडे पोचल्यावर त्यांच्या फोनवरून कुणाला तरी कळवावं म्हटलं, तर मला दोन नंबर पाठ. एक नवऱ्याचा, तो शेजारीच ओला बसलेला. दुसरा आमचाच लँडलाइन, ०२३३चा, तो पाण्याखाली. मुलगी हॉस्टेलवर पुण्यात. तिचा नंबर मी पाच वर्षांत एकदाही आकड्यांनी लावला नव्हता, फोटोवर बोट ठेवायचे. जीमेल होता, नंबर वर सगळे होते. पण दुसऱ्याच्या फोनवर उघडायला गेले तर खात्री करायचा कोड माझ्या बुडलेल्या फोनवर. दोन दिवस पोरीला कळलं नाही आम्ही कुठे आहोत.

नंतर दोन गोष्टी केल्या. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'बॅकअप कोड' म्हणून दहा कोड मिळतात, एक कोड एकदाच चालतो, फोन जवळ नसतानाही आत जाता येतं. ते छापून घेतले. आणि एका कार्डावर बारा नंबर लिहून लॅमिनेशन केलं, ते पर्समध्ये. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा कार्ड बाहेर काढलं आणि सगळ्यांना फोन केले. तेव्हा माझा फोन चालू होता म्हणा, पण कार्डावरून लावले.

जुनी डायरी

ताई, डायरीला लॅमिनेशन होत नाही हा मुद्दा मान्य.

विश्रामबागकर

सगळं वाचून काल आईचा फोन घेऊन बसलो. सिंक बघितलं, साइटवर नावं बघितली, बॅकअप कोड छापले, कार्डही करायला टाकलं. मग 'मर्ज अँड फिक्स' दिसलं. दुबार नावं एकत्र करू का, म्हणून विचारत होतं. म्हटलं करून टाक सगळी.

आईकडे 'दूधवाला' या नावाने तीन जण होते. एक आताचा, एक पाणी घालतो म्हणून बंद केलेला, आणि एक मिरजेच्या मावशीचा. तिघांचा मिळून एक दूधवाला झाला. आज सकाळी तिने उद्या दोन लिटर जास्त द्यायला सांगितलं, ते बंद केलेल्याला. त्याने आनंदाने हो म्हटलंय.