जर्मन शेफर्डला अजून ‘मेंढपाळ’ म्हणायचं का?

घोडबंदरकर:
काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका काकांनी ठराव मांडला, ‘अल्सेशियन (म्हणजे जर्मन शेफर्डच) हा पोलिसी कुत्रा, बागेत बंदी.’ कुत्रेवाले उसळले, ‘अहो, मूळचा मेंढपाळ तो, गरीब!’ मला हे मूळ पुराण पटत नाही. १८९९ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात माक्स फॉन श्टेफानित्स या निवृत्त घोडदळ कॅप्टनने एक कुत्रा बघितला, विकत घेतला, होरांड नाव ठेवलं आणि त्याच वर्षी जातीची संघटना काढली. कारखाने वाढत होते, मेंढरांचं काम आटत होतं. मग ही जात पोलिसांच्या आणि लष्कराच्या गळी उतरवली ती त्यानेच! सव्वाशे वर्षांपूर्वी सुटलेल्या धंद्याचे दाखले कशाला?

उपवनवाली:
धंदा सुटला, खोड नाही सुटली. तिकडे जर्मनीत कुरणाला लागून उभं पीक, मध्ये कुंपण नाही. कुत्र्याने कडेच्या चरातून दिवसभर येरझाऱ्या घालायच्या, म्हणजे कळप पिकात शिरत नाही. आमची राणी पोरं खेळत असली की हिरवळीच्या कडेकडेने अश्शीच फिरते. कुणी गेटकडे पळालं की आडवी येते. कुणी शिकवलं तिला?

घोडबंदरकर:
आडवी आली की पोर आपटतं. काकांचं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

माणदेशी, मुक्काम कळवा:
दोघंही एक गल्लत करताय. आमच्या धनगरांकडे मेंढरं वळवतो माणूस, हाळी देऊन. कुत्रं लांडग्यासाठी. दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणात येतात तेव्हा बघा, दिवसा ते मेंढरांबरोबर निवांत चालतं, रात्री बसायच्या जागेजवळ परका माणूस फिरकला की मग त्याचा आवाज ऐका. म्हणजे एक वळणारं, एक राखणारं. शेफर्ड वळणाऱ्यातला. राखण त्याला नंतर शिकवली. त्यामुळे ताई, ‘गरीब’ म्हणू नका. दिवसभर राबणारं जनावर टू बीएचकेत कोंडलं तर ते काहीतरी वळायला शोधणारच.

तलावपाळी:
अवांतर: ‘अल्सेशियन’ हे नाव इंग्रजांचं. पहिल्या महायुद्धानंतर त्यांना ‘जर्मन’ शब्दच नको झाला. त्यांनीसुद्धा १९७७ मध्ये जुनं नाव परत घेतलं, काका अजून तिथेच.

उपवनवाली:
माणदेशीदादा, कोंडण्याचं मान्य. सकाळी येऊरच्या चढाला नेते तिला, तरी कमीच पडतं. बागेत पट्टा बांधीन, पण बंदी नको. घोडबंदरकर, रविवारी सातला काकांना घेऊन या. हिरवळीची कड झिजलीय, ती बघू दे त्यांना.