जाड स्प्रिंगनं नेम बसतो म्हणे!

पऱ्हाटीवाला: काल या चर्चेच्या धाग्यावर कोणीतरी ठोकून दिलं, छऱ्याच्या बंदुकीत जाड स्प्रिंग टाका, वेग वाढतो अन् ग्रुप, म्हणजे एकाच नेमानं झाडलेल्या छऱ्यांच्या भोकांचा पसारा, लहान होतो. साफ चूक. पिस्टन (स्प्रिंगनं पुढं ढकललेला दट्ट्या) सुटला की बंदूक मागे येते, हवेच्या उशीवर अडला की पुढे जाते, आन् छर्रा तवर नळीतच असते. जाड स्प्रिंगनं हे दोन्ही धक्के वाढतात. त्यापेक्षा दस्त्याचे स्क्रू पाहा. श्रावणात लाकूड फुगते, मे महिन्यात आकसते, स्क्रू सैल पडतात. आवळा, पण लाकूड चेपेल एवढे नाही. मग बिजागरीचा बोल्ट: बंदूक बिजागरीत दुमडून नळी जिथं सोडली तिथंच थांबली पाहिजे, आडवी खुळखुळली नाही पाहिजे.

खटका: ती पोस्ट माझीच. हळू छर्रा 25 मीटरवर किती खाली जाते, ते कधी पाह्यलं काय?

दहा मीटर: सेकंदाला सरासरी 160 मीटर वेग धरला तर नळीच्या रेषेपासून 12 सेंटीमीटर. अन् प्रत्येक छर्रा तेवढाच पडते! एकदा नेमाची मागची खाच वर करा, विषय संपला. पडण्यानं ग्रुप फाटत नाही. तो फाटतो एक छर्रा 150 नं अन् दुसरा 165 नं गेला की.

खटका: बरं. पण वेग जास्त तर वाऱ्यात कमी वाहते, हे तरी माना.

दहा मीटर: मानतो. मात्र अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 283 मीटरनं गेला की 20 ज्यूल ऊर्जा झाली. त्याच्या वर परवाना लागते. नळीचं भोक 4.5 मिलिमीटरच्या वर असलं तरी लागते. आन् आवाजाच्या वेगाजवळ छर्रा डगमगतो, तो वेगळाच ताप.

मोर्शीचा बगीचा: ग्रुप-ग्रुप काय करून राहिले? संत्र्यावर वांदरं बसतात, त्याहिले पळवाले जोर पाह्यजे. जाड स्प्रिंगच बरोबर.

पऱ्हाटीवाला: नोको बाप्पा. छर्रा कातडीखाली अडकते, जखम चिघळते, वांदर मरत नाही अन् पळतही नाही. काळतोंड्या वांदर, रोही (नीलगाय), रानडुक्कर, सगळ्याहिले 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण हाय.

मोर्शीचा बगीचा: संरक्षण वांदराले, अन् झाडाले कोन? पंचनाम्याले माणूस येईस्तोवर फळ खाली सडते. नुकसान मोजणारा अर्धी झाडं पाहून निघून जाते. कागद पुरा करता करता आंबिया बहार संपते. तुमी नेम शिकवा!

खटका: गाऱ्हाणं खरं हाय, भाऊ. पण ते इथं नोको. डोकं फिरलं तरी बंदूक वांदरावर धरून कोर्टाच्या तारखा घेऊ नका.

मोर्शीचा बगीचा: तुले संत्रं माहीत नाही तर बोलू नको.

पऱ्हाटीवाला: पंचनाम्याचा धागा वेगळा काढा, मीही लिहितो तिथं. आता नळी. बंद केल्यावर सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवा, छर्रा घालून झाडा. पट्टी उडाली तर सांध्याचा वॉशर गेला. रिकामी झाडू नका, पिस्टन सरळ टोकावर आपटते. अन् तेल! धूर निघाला, कडक आवाज आला म्हणजे दाबल्या हवेत तेल पेटलं. एका छऱ्याले जोर जास्त, दुसऱ्याले कमी, ग्रुप फुटला. पिस्टनच्या चामड्याच्या वॉशरले दोन थेंब, तेही क्वचित. सिंथेटिक सीलले काहीच नाही.

खटका: खोबरेल चालते.

दहा मीटर: नाही चालत! ते पेटते, आन् थंडीत गोठते. अन् नळी साफ करताना चिंधी मागून ओढा. लोखंडी काडी तोंडातून घालू नका, तोंडाची कडा बिघडली की छर्रा वाकडाच निघतो. घरचा कापूस नको, सरकीचा कचरा राहते. जुन्या धोतराचा तुकडा बरा. कडा खरबरीत आहे काय ते कानकाडीचा कापूस फिरवून पाहा. तंतू अडकला की समजा.

खटका: छर्रे?

दहा मीटर: चपट्या तोंडाचे 10 ते 15 मीटरपर्यंत, पुढं गोल. शेपटीचा घेर वाकडा असेल तर बाजूला काढा. दोन-तीन कंपन्यांचे घ्या, प्रत्येकाचे दहा-दहा झाडा. पाच छऱ्यांचा ग्रुप फसवतो. अन् बंदूक मुठीत आवळू नका, उघड्या तळव्यावर ठेवा, दर वेळी एकाच जागी. कडक टेकूवर तर अजिबात नाही.

खटका: स्प्रिंग मूळचीच बसवतो. पण तळव्याचं पटत नाही.

पऱ्हाटीवाला: दहा मुठीनं झाडा, दहा तळव्यावर. निशाणाचे कागद इथं टाका.