चारधामचा विमा "पाण्यात" म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

कारंज्याची सून:
काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "देवाच्या दारी चाललो, तिथं विमा कायले? हजार-पाचशे पाण्यात." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या वर्षी गावातले आम्ही बेचाळीस जण ट्रॅव्हल्सनं चारधामला गेलो. गौरीकुंडाहून केदारनाथ सोळा किलोमीटरची चढण, म्हणून मामाजींना (माझ्या सासऱ्यांना) खेचर केलं. परतताना ओल्या दगडावरून खेचराचा पाय सरकला अन् मामाजींच्या खुब्याचं हाड मोडलं. डोलीत ब्लँकेटनं बांधलेले मामाजी सारखं एकच म्हणत होते, "सूनबाई, बस थांबव." बस थांबली नाही. बाकीच्यांचं बद्रीनाथ राहिलं होतं, त्यांना तरी काय म्हणावं? ऋषिकेशहून घरी आणायला ॲम्ब्युलन्सचे ५२ हजार लागले, तुरीचे सगळे पैसे त्यात गेले. भाड्यातच विमा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पावतीवर त्याचं अक्षरही नव्हतं.

धुऱ्यावरचा कास्तकार:
ते लिहिणारा मीच. ताई, मामाजीचं आयकून वाईट वाटलं. पण इम्याचं नाव काढू नका. २०२३ ले एक रुपयात पीक इमा काढला. सोयाबीन पाण्यात सडलं, ७२ तासांच्या आत तक्रार टाकली. पाहणीले आलेल्या पोट्ट्यानं धुऱ्यावरूनच सही घेतली, वावरात पाय ठेवला नाही. खात्यात आले १४३ रुपये. वावर समोर असून देत नाहीत, तं केदारनाथच्या डोंगरात कोण येणार हाय पाहाले?

दिग्रसवाला:
बरोबर बोलले भाऊ. आता तं तो एक रुपयावालाही गेला. २०२५ च्या खरिपापासून सोयाबीनले परत विमा रकमेच्या २ टक्के हप्ता, अन् भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हंजे महसूल मंडळातले काही वावरं कापून काढलेल्या सरासरीवर. माह्या वावरातलं वाहून गेलं अन् मंडळाची सरासरी बरी निघाली, तं मले काय भेटन?

नेरची मास्तरीण:
अहो, चर्चा यात्रेची चालू आहे! पीक विमा महसूल मंडळाच्या सरासरीवर अडतो. प्रवासाच्या विम्यात एक्स-रे अन् दवाखान्याचं बिल तुमच्याच नावाचं असतं. दोन्ही एका मापानं कसे मोजता?

धुऱ्यावरचा कास्तकार:
मॅडम, एक तारखेले पगार येते त्याईनं कास्तकाराले इमा शिकवू नये.

नेरची मास्तरीण:
पगार मध्ये आणू नका. माझ्या बाबांची चार एकर कोरडवाहू आहे, त्यांच्या पासबुकातही असेच आकडे आहेत. राग मलाही आहे. पण त्या रागापायी म्हाताऱ्या माणसांना डोंगरात उघडं सोडायचं का? रेल्वेचं तिकीट आयआरसीटीसीवरून काढताना ४५ पैशांत त्या रेल्वे प्रवासापुरता विमा मिळतो. अपघाती मृत्यूला १० लाख, दवाखान्याला २ लाखांपर्यंत. खिडकीवरच्या तिकिटाला तो नाही, वेटिंगलाही नाही. मोबाईलवर लिंक येते, तिथं वारसाचं नाव भरा. आपल्याकडे ती कोणी उघडतच नाही.

धुऱ्यावरचा कास्तकार:
मायजवळ आयुष्मान कार्ड हाय. सत्तरीच्या वरच्याले ५ लाखांपर्यंत दवाखाना फुकट. मंग?

कारंज्याची सून:
कार्ड सोबत न्याच, यादीतल्या दवाखान्यात परराज्यातही चालते. पण आमचे ५२ हजार दवाखान्यात नाही गेले, रस्त्यात गेले. घरी आणायचा खर्च, सोबतच्या माणसाचं लॉज, अर्धी सुटलेली यात्रा, कार्डात यातलं काही नाही. विमा घेताना हेच विचारायचं, अन् खेचरावरून पडलेलं धरतात का तेही.

मेहकरचा जावई:
एक बाजू माझीही ऐका. सासूबाईंची शुगर फॉर्मवर लिहिली नाही. तिकडं शुगरच वाढली अन् दावा नामंजूर. एजंट म्हणाला होता, "लिहू नका, हप्ता वाढेल." म्हणून कास्तकार भाऊ सरसकट चुकीचे नाहीत.

कारंज्याची सून:
हे मान्य. आधीचे आजार बहुतेक पॉलिसीत वगळलेले असतात, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

धुऱ्यावरचा कास्तकार:
कंपन्यांवर माहा भरोसा नाही, उद्याही राहणार नाही. पण माय ७१ ची हाय, जूनमध्ये यमुनोत्रीले जातो म्हणते अन् आयकत नाही. बीपीची गोळी चालू हाय. फॉर्मवर लिहायचं का?

कारंज्याची सून:
लिहाच भाऊ, गोळीच्या नावासकट. अन् पॉलिसीचा कागद तुमच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, मायच्या पिशवीत ठेवा. मामाजी पडले तेव्हा माझा मोबाईल खाली गौरीकुंडात चार्जिंगला होता.