मेळघाटातल्या बाईला पाळी जाताना मुंबईच्या बाईपेक्षा कमी त्रास होतो का?

सातपुडा: माझं मत स्पष्ट आहे, होतो. डोंगराची हवा, दिवसभर कष्ट, अंगावर चरबी नाही. पाळी मागेपुढे होते त्या काळात जास्त वजनाच्या बायकांत गरम वाफा (अंगातून एकाएकी जाळ चढणं) जास्त, हे अभ्यासांत दिसतं. शिवाय मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून आलेली वाफ लवकर निवत नाही. आपल्याकडे ऊन भरपूर, ड जीवनसत्त्व मिळतं, डोक्यावर मोळी वाहून हाडंही टणक होतात. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

धारणीची नर्सबाई: वजनाचं मान्य. डोंगराच्या हवेचं मात्र सोडा, दादा. चिखलदरा जेमतेम १,१०० मीटरवर आहे. पेरूच्या अँडीज पर्वतात ४,००० मीटरच्या वर राहणाऱ्या बायकांची पाळी लवकर जाते असं आढळलंय. तिथे प्राणवायूच विरळ. तो हिशोब सातपुड्याला लागू होत नाही, आणि पाळी लवकर जाणं म्हणजे त्रास कमी होणं नव्हेच.

वऱ्हाडी माय: काहून बाप्पा, बायाइले विचारता काय ते तं पाहा! मे महिन्यात "घाम येते का" म्हणून विचारसान तं ते काय सांगन? सगळ्याइलेच येते. असं विचारा: थंडीत, सावलीत बसल्या जागी छातीतून मानेकडं एकाएकी जाळ चढते का? दोन-चार मिनिटांत उतरते का? मंग घाम सुटून हुडहुडी भरते का? रात्री लुगडं ओलं होते का? अन् आदिवासी कोरकू बाईले कोरकूतच विचारा, नवरा-सासू बाजूले नसताना. खाली खाज, लघवीची आग, हे तं थे नवऱ्यापुढं सांगतच नाही.

सातपुडा: ताई, फक्त विचारण्याचा दोष असता तर मेक्सिकोतल्या युकातानच्या माया स्त्रियांचं काय? त्यांनी वाफा येतच नाहीत असं सांगितलं होतं.

धारणीची नर्सबाई: उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच सांगितलंत. त्याच स्त्रियांचं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारं स्त्री-संप्रेरक, तपासलं तेव्हा ते इतर बायकांसारखंच घसरलेलं निघालं, आणि हाडांची घनताही कमी होत गेलेली. वाफ नाही म्हणून हाड शाबूत, असं होत नाही.

भरडधान्य: हाडांचा विषय निघालाच आहे तर ताट बघा. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. कोदो-कुटकी या बारीक धान्यांत त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, ज्वारीत तीसच्या आतबाहेर. आणि मेळघाटात पोटभर खातात ती कुटकी नि ज्वारी! कोकणपट्टीत नाचणी आहे, काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी आहे. म्हणजे या बाबतीत किनारा वरचढ. वारंवारच्या बाळंतपणांत, अंगावर पाजण्यात झीज होते ती वेगळीच. आपल्याकडे तीळ, अंबाडी, शेवग्याचा पाला वाढवता येईल. जवसाची चटणी खुशाल खा, पण तिनं वाफा थांबतात हे चाचण्यांत टिकलेलं नाही.

सातपुडा: ताटाचा मुद्दा बिनतोड. तरी दमट हवेचं माझं म्हणणं कायम.

धारणीची नर्सबाई: ते राहू द्या, त्यात तथ्य आहे. पण गाव-शहर तुलना खरी बिघडते ती दोन गोष्टींनी. पहिली, पिशवी काढलेल्या बायका. अंडाशयही काढलं असेल तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं आणि वाफा जोरात येतात. ठेवलं असेल तरी ते वेळेआधी थकू शकतं. अशा बाईला पाळी कायमची गेली हे ठरवायचा "१२ महिने पाळी नाही" हा निकष लावताच येत नाही. त्यांचा तक्ता वेगळाच ठेवायचा.

दुसरी, रक्तक्षय. धडधड, दम, थकवा, झोप न येणं, सगळं "वयाचं" म्हणून सोडून देतात. आधी हिमोग्लोबिन बघा. १२ च्या खाली असेल तर लोहाची गोळी, ८ च्या खाली थेट दवाखाना. सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झालीय का विचारा. शक्य तिथे थायरॉईड. पाळी चुकलेल्या पंचेचाळिशीच्या बाईची गर्भचाचणीही करा, हसू नका. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त अंगावरून गेलं, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

वऱ्हाडी माय: अन् चिठ्ठीवर "पाळी बंद, नंतर रक्त" असं सरळ लिहा. "कमजोरी" लिहिलं का लाल गोळ्या देऊन वापस पाठवते.